‘ळ’ची जागा



आजचा विषय जरा वेगळा आहे. विषय आहे ‘सॉर्टिंग’. आमच्या गोंदियात सॉर्टिंग म्हटलं की माणसाला आधी राइस मिल आठवते. तांदळातला काळा-पिवळा दाणा हेरून हवेच्या फुंकरीनं बाजूला उडवणारं ते ‘सॉर्टेक्स’ मशीन. पण ते झालं निवडणं. मी बोलतोय ते क्रम लावण्याबद्दल, म्हणजे आधी कोण आणि नंतर कोण हे ठरवण्याबद्दल. तेही कॉम्प्युटरच्या प्रोग्राममध्ये! बी.ए.ला मराठी घेतलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या मास्तरानं या भानगडीत कशाला पडावं, असं आमच्या हिनं विचारलंच. तुम्हीही विचाराल, म्हणून सांगतो.

मास्तराचं निम्मं आयुष्य याद्यांत जातं. हजेरीपट, निकालपत्रक, शिष्यवृत्तीच्या याद्या, मतदार याद्या, जनगणना. कॉम्प्युटर नव्हता तेव्हा आम्ही हे काम चिठ्ठ्यांवर करायचो. एका चिठ्ठीवर एक नाव. मग सतरंजी अंथरायची, पंखा बंद करायचा (हे फार महत्त्वाचं!) आणि पहिल्या अक्षराप्रमाणे ढिगाऱ्या लावायच्या. मग एकेक ढिगारी घेऊन दुसरं अक्षर, तिसरं अक्षर. घामाघूम व्हायचो, पण यादी चोख व्हायची.

गेल्या दिवाळीत नात पुण्याहून आली होती. ती सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्या शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांची यादी मी वर्षभर जमवत होतो. ४१२ नावं झाली होती. म्हटलं, बेटा, एवढी अकारविल्हे लावून दे. तिनं लॅपटॉप उघडला, दोन ओळी टाइप केल्या आणि चहाचा कप उचलायच्या आत म्हणाली, “झालं आजोबा.”

मी चष्मा लावून यादी वाचायला घेतली. सर्वात वर, ‘अ’च्याही आधी, पाच नावं. का? तर टाइप करताना त्या नावांआधी एकेक मोकळी जागा पडली होती. डोळ्यांना ती दिसत नाही, पण मशीनच्या दृष्टीनं मोकळी जागा हेही एक अक्षरच, आणि त्याचा नंबर सगळ्यांच्या आधी. वकील झालेल्या दोघांनी नावाआधी ‘ॲड.’ लावलं होतं, ते पार शेवटी, हरिणखेड्यांच्याही खाली. क्षीरसागर खोब्रागड्यांच्या आधी. आणि काळसर्पे हे कापगते आणि कावळे यांच्या मध्ये.

नात म्हणाली, “आजोबा, नावं तर सगळी आहेत ना? शोधायचं असलं की सर्च मारायचा.”

तिचं खरं आहे, पण तिच्यापुरतं. कागदावर सर्च मारता येत नाही. आता इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

काही वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी बाजाराच्या दिवशी भेटला. त्याला आपण काळसर्पेच म्हणू. दीड-दोन एकराचा धानकरी. चेहरा उतरलेला. म्हणाला, “गुरुजी, माजं नाव काटलं जी.” एका कार्यालयाच्या भिंतीवर धानाच्या बोनसची यादी लागली होती, त्यात त्याचं नाव नव्हतं म्हणे. दुसऱ्या दिवशी मी सोबत गेलो. वरून एकेक नाव वाचत आलो. कापगते, काळसर्पे, कावळे, काशिवार. होतं की नाव! तो बघत होता काशिवारच्या खाली. शाळेत सात वर्षं हजेरीत काशिवारनंतर त्याचा नंबर यायचा. काशिवार ‘हजर’ म्हणाला की यानं तोंड उघडायचं. इथे काशिवारनंतर एकदम कुंभरे आलेले पाहून तो मागे फिरला होता. मधल्या आठ दिवसांत दोन दिवसांची मजुरी बुडाली आणि घरात भांडण झालं ते वेगळं.

यादीत नाव असूनही माणसाला ते नसल्यासारखंच होतं. यादी खोटी नव्हती, फक्त तिचा क्रम वाचणाऱ्याचा नव्हता.

हे ऐकल्यावर नातीनं लॅपटॉप पुन्हा उघडला. आणि मग चार दिवस आम्हा दोघांची शाळा भरली. कधी मी मास्तर, कधी ती.

पहिला धडा तिनं दिला. मशीनला अक्षरं कळत नाहीत, नंबर कळतात. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला एक नंबर दिलेला आहे. अ म्हणजे २३०९, क म्हणजे २३२५, ल २३५४, ळ २३५५, व २३५७, ह २३६१. प्रोग्रामिंगच्या भाषेतलं साधं सॉर्ट फंक्शन हे नंबर बघतं आणि लहान नंबर आधी लावतं. ळ वच्या आधी, म्हणून काळसर्पे कावळ्यांच्या आधी. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. मधल्या जागा भरलेल्या होत्या म्हणून त्याला २४१८ नंबर मिळाला. वर्गात उशिरा दाखल झालेल्या पोराला शेवटच्या बाकावर बसवतात, तसं. आणि ‘क्ष’ला तर स्वतःचा नंबरच नाही. तो क, हलन्त आणि ष असा तीन तुकड्यांत साठवला जातो, म्हणून क्षीरसागर ‘क’च्या शेपटीला लागतात.

बरं, ळ ला ल शेजारी बसवणारे काही अडाणी नव्हते हं. युनिकोडनं देवनागरीची मांडणी घेतली ती भारताच्याच ‘इस्की’ या १९८८च्या संकेतप्रणालीवरून. तिच्यात देवनागरी, बंगाली, गुजराती, तेलुगू, तमिळ अशा लिप्यांसाठी एकच सामाईक तक्ता होता. एका तक्त्यात इतक्या भाषांची पोरं बसवायची तर कुणाची तरी जागा हलणारच. पण मूळ क्रम त्यांनी आपलाच ठेवला, कंठापासून ओठांपर्यंत जाणारा. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. ए, बी, सी, डी या क्रमाला असा काही आधार नाही. आपल्याला आहे. व्याकरण शिकवताना हे सांगायला मला फार आवडायचं. असो.

दुसरा धडा मी दिला. मराठीचा क्रम लहर म्हणून लावायचा नसतो, तो ठरलेला आहे. महाराष्ट्र शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयानं मराठीची वर्णमाला प्रमाण केली. त्यात ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना स्वरांमध्ये जागा आहे. व्यंजनांत ह नंतर ळ आहे, आणि मग क्ष आणि ज्ञ. हिंदीत मात्र वर्णमाला म्हणताना क्ष, त्र, ज्ञ शेवटी म्हणतात, पण शब्दकोशात क्ष शोधायचा तो ‘क’मध्ये. आमच्या गोंदियाच्या एका बाजूला बालाघाट, दुसऱ्या बाजूला राजनांदगाव. गावात मराठी शाळा आहेत तशा हिंदीही आहेत. एकाच बाजारात, एकाच लिपीत, दोन क्रम! मग सॉर्ट फंक्शननं नुसती लिपी बघून क्रम कसा लावायचा? भाषा कोणती, हे त्याला कुणीतरी सांगायलाच हवं.

नातीला हे पटलं. तिनं पहिल्यांदा केलं ते असं. दोन नावं घ्यायची आणि आधी कोण ते ठरवायचं. त्यात ळ आला तर असं करा, क्ष आला तर तसं करा, ‘ॲड.’ असेल तर सोडून द्या, अशा अटी. बघता बघता चाळीसेक ओळी झाल्या. एक अट दुरुस्त केली की दुसरी बिघडायची. त्यात ४१२ नावांचा क्रम लावताना अशा तुलना सुमारे ३००० वेळा होतात, आणि दर वेळी तीच दोन नावं पुन्हा पहिल्यापासून सोलायची. अटी एकमेकींशी भांडल्या तर आणखी घोटाळा. पहिला दुसऱ्याच्या आधी, दुसरा तिसऱ्याच्या आधी आणि तिसरा पुन्हा पहिल्याच्या आधी! तीन पोरं आणि प्रत्येक जण म्हणतो मीच पुढे. अशी रांग कधी लागेल का?

तेव्हा मी तिला आमची चिठ्ठ्यांची जुनी युक्ती सांगितली. चिठ्ठ्या फार असल्या की मी चौथी-पाचवीची पोरं मदतीला घ्यायचो. त्यांना ळ आणि क्ष चे बारकावे कुठे समजवत बसणार? म्हणून मी आधी एकेक चिठ्ठी उलटी करून मागे पेन्सिलीनं आकडे लिहायचो. वर्णमालेत पहिलं अक्षर कितवं, दुसरं कितवं. मग पोरांना सांगायचो, पुढचं नाव बघूच नका, मागचे आकडे बघा आणि लावा. काम झालं की चिठ्ठ्या सुलट्या करायच्या.

ती ताडकन उठून बसली. “आजोबा, ही तर की आहे!”

मी म्हटलं, की म्हणजे? की पुढे काय?

“की म्हणजे किल्ली हो!” आणि हसायलाच लागली.

तर त्याचं असं आहे. पायथन नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत पूर्वी सॉर्ट फंक्शनला तुलनेचा नियम द्यावा लागे, नातीनं लिहिला तसा. हुशार लोक त्यावर तोडगा म्हणून प्रत्येक वस्तूला आधी बिल्ला लावत, बिल्ल्यांप्रमाणे क्रम लावत आणि मग बिल्ले काढून टाकत. माझ्या पेन्सिलीच्या आकड्यांसारखंच. ही युक्ती इतक्यांना लागू लागली, की २००४ साली ती भाषेनं आपल्या सॉर्ट फंक्शनमध्येच घेतली. तुम्ही फक्त एका नावाचा बिल्ला कसा बनवायचा तेवढं सांगा, बाकी माझ्याकडे लागलं, असं ते म्हणतं. त्या बिल्ल्याला ते ‘की’ म्हणतात. २००८ साली पायथनची तिसरी आवृत्ती आली, तेव्हा तुलनेचा जुना मार्ग सॉर्ट फंक्शनमधून काढूनच टाकला. ज्याला तो हवाच असेल त्याच्यासाठी जुन्या नियमाची ‘की’ बनवून देणारं एक अवजार पुढे वेगळं ठेवलं.

मला यातली सुधारणा वेगाची वाटत नाही, जरी ४१२ नावांना ४१२ च बिल्ले लागतात हेही खरं. खरी सुधारणा ही, की एका कामाची दोन कामं झाली. रांग लावणं हे कष्टाचं काम, ते मशीननं करावं. कुणाची जागा कुठे हे ठरवणं हे माणसाचं काम, ते माणसाला एका ठिकाणी, स्वच्छपणे सांगता यावं. पूर्वी दोन्ही एकमेकांत कालवलेलं होतं.

नातीच्या चाळीस ओळी गेल्या आणि दहा-बारा उरल्या. नावामागची-पुढची मोकळी जागा काढ, ‘ॲड.’, ‘डॉ.’, ‘श्री.’ वगळ, प्रत्येक अक्षराचा वर्णमालेतला क्रमांक लिही. हे सगळं बिल्ल्यावर, मूळ नावाला हात न लावता. ‘ॲड.’ लावणाऱ्याला ते लावायचा हक्क आहेच की!

पुढे तिला कळलं, की युनिकोडवाल्यांनीच भाषावार क्रमाचे नियम वेगळे तयार ठेवले आहेत. मराठीच्या नियमात ळ ह नंतर आहे आणि त्यानंतर क्ष आणि ज्ञ. तिनं आपला हातानं लिहिलेला बिल्ला काढून त्या तयार नियमांचा बसवून पाहिला. एक तुकडा काढला, दुसरा बसवला, बाकी कशालाच धक्का नाही. खिडकीची काच बदलायला घर पाडावं लागू नये, एवढंच चांगल्या रचनेचं लक्षण, असं तिनं सांगितलं. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे.

आणखी दोन गोष्टी मला फार आवडल्या, त्याही सांगतो.

एक म्हणजे मूळ यादी न मोडणं. पायथनमध्ये ‘सॉर्ट’ म्हटलं की आहे तीच यादी हलवली जाते. २००४ पासून ‘सॉर्टेड’ म्हणण्याचीही सोय आहे, मग मूळ यादी तशीच राहते आणि क्रम लावलेली नवी मिळते. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेत अशी सोय यायला २०२३ साल उजाडलं. यात काय एवढं, असं वाटेल. पण शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर आठवा. त्यात पोरं आली त्या क्रमानं नावं असतात. सख्खे भाऊ पाठोपाठ, एकाच टोलीची पोरं एकाखाली एक. तो क्रमही माहितीच आहे. अकारविल्हेच्या नादात तो मोडला, तर परत कुठून आणणार?

दुसरी म्हणजे बरोबरीच्यांचा मान. मला यादी सालाप्रमाणे हवी होती आणि प्रत्येक सालात नावाप्रमाणे. नात म्हणाली, आधी नावानं लावू, मग सालानं. मला हे उलट वाटलं नाही, कारण उत्तरपत्रिका आम्ही अशाच लावायचो. आधी सगळ्या रोल नंबरनं, मग वरून एकेक उचलत तुकडीवार ढिगारे. ढिगाऱ्यात रोल नंबर आपोआप ओळीत राहतात. पण अट एकच. ज्यांचं साल सारखं त्यांचा आधीचा क्रम मशीननं विस्कटायचा नाही. याला ‘स्टेबल’ म्हणतात. पायथननं २००३ पासून ही हमी दिली, टिम पीटर्स या गृहस्थांनी त्याआधीच्या वर्षी लिहिलेल्या नव्या पद्धतीमुळे. क्रोम ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टची मात्र गंमत होती. यादीत १० पर्यंत वस्तू असल्या तर सगळं ठीक, ११ झाल्या की बरोबरीच्यांचा क्रम हलू शकायचा! २०१८ साली ते बदललं आणि २०१९ पासून भाषेच्या नियमातच स्थिर क्रम सक्तीचा झाला. दहा पोरांवर पाहिलेली शिस्त साठ पोरांच्या वर्गात टिकेलच असं नाही, हे कुठल्याही मास्तरानं त्यांना सांगितलं असतं.

नातीनं आणखी एक माहिती दिली. टोनी होअर नावाचा इंग्रज तरुण १९५९ साली मॉस्को विद्यापीठात शिकत होता. रशियन वाक्यांचं यंत्रानं इंग्रजी भाषांतर करण्याच्या कामात होता. शब्दकोश चुंबकीय फितीवर, अक्षरक्रमानं लावलेला. फीत पुन्हा पुन्हा मागे फिरवायची नसेल, तर वाक्यातले शब्दही आधी अक्षरक्रमानं लावायला हवेत. त्या गरजेतून त्याला ‘क्विकसॉर्ट’ सुचलं आणि १९६१ साली ते प्रसिद्ध झालं. जगभर गाजलेली पद्धत शब्दकोशातून निघाली, हे ऐकून भाषेच्या मास्तराची छाती फुगणारच!

आता एक वाद, जो आमच्यात मिटलाच नाही. अनुस्वार. मशीनच्या तक्त्यात अनुस्वाराचा नंबर २३०६, म्हणजे ‘अ’च्याही आधी. म्हणून कंगाले हे कटऱ्यांच्या आधी. बाराखडीप्रमाणे म्हणाल तर ‘कं’ येतो ‘कौ’नंतर, मग कंगाले कोऱ्यांच्याही खाली जातील. उच्चाराप्रमाणे म्हणाल तर आणखी तिसरंच. आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगाव आहे. अनुस्वार आधी धरला तर गोंदिया, मग गोठणगाव. ‘गोन्दिया’ असा उच्चार धरला तर ठ न च्या आधी येतो, म्हणून गोठणगाव, मग गोंदिया. जिल्ह्याचं ठिकाण आधी की गोठणगाव आधी? नात म्हणाली, “आजोबा, तुम्ही सांगाल तसं. बिल्ल्यात एक ओळ बदलायची आहे.” मशीनला खरंच काही फरक पडत नाही. ठरवायचं आपल्यालाच आहे, आणि ठरवलेलं चारचौघांना सांगायचंही आपल्यालाच आहे.

शेवटी अनुस्वार आधी ठेवला, कारण आमच्या वयाच्या लोकांच्या हाताला ती सवय आहे. आणि छापलेल्या यादीच्या डोक्यावर, शीर्षकाखाली, मी एक ओळ घालायला लावली: ‘नावे मराठी वर्णमालेप्रमाणे. अनुस्वार आधी. ळ, क्ष, ज्ञ हे ह नंतर.’ भिंतीवर लागणाऱ्या प्रत्येक यादीवर अशी एक ओळ असावी, असं मला वाटतं. तिला ना खर्च, ना अर्ज.

यादीची पहिली प्रत मी काळसर्प्याला वाचायला दिली. तो सरळ काशिवारच्या खाली गेला, बोट ठेवलं आणि म्हणाला, “हजर, गुरुजी.”

आमच्या शाळेत शिकलेले पुतणे, भाचे आणि त्यांचे सोबती हे वाचत असतील, तर आपलं नाव यादीत आहे का ते कळवा. १९८१ ते ८४ च्या बॅचची नावं फारच कमी आली आहेत. आडनावात ळ असेल तर आवर्जून कळवा!